अठ्ठाविसावा दिवस

सोहारच्या इंडस्ट्रियल एरियात, टायरवाल्याच्या मागे आमची लॅब.
आत एक प्रेस, एक डगमगतं टेबल,
आणि टाकीतल्या पाण्यात बुडवून ठेवलेले
काँक्रीटचे ठोकळे, वीतभरही नाहीत,
अंगावर मार्करनं घातलेली जन्मतारीख.

माझं काम फोडायचं.
सातव्या दिवशी तीन, अठ्ठाविसाव्या दिवशी तीन.
ठोकळा जबड्यात ठेवायचा, जाळीचं दार लावायचं,
काटा चढतो, चढत राहतो,
मग आवाज येतो.
पहिला आठवडा दचकत होतो. आता
चहाचा घोट तोंडात असला तरी सांडत नाही.
जिथं फुटला, तो आकडा वहीत.
न फुटलेल्याबद्दल
वहीत लिहिण्यासारखं काही नसतं.

मध्ये दोन वर्षं मी इथं नव्हतो.
"हातचं सोडून पळत्याच्या पाठी लागू नकोस,"
थोरला भाऊ देवरुखाहून फोनवर म्हणाला होता.
लागलो.
मी आणि दापोलीचा हसनमियाँ परकार,
खमीसच्या लायसनवर पेव्हर ब्लॉकचा कारखाना:
सेकंडहँड मिक्सर, चार माणसं, पत्र्याची शेड,
आणि माझे सर्व्हिसचे सगळे पैसे.
त्या पाटीवर नाव रंगवून घेताना
पेंटरला मी तीनदा अक्षरं मोठी करायला लावली.

पहिली मोठी ऑर्डर जुलैत. फलज अल कबाइलला एक अंगण.
दुसऱ्यांचे ठोकळे अठ्ठावीस दिवस पाण्यात जपणाऱ्या मी
माझे ब्लॉक तिसऱ्या दिवशी ट्रकात भरले.
घाई होती. चेकची तारीख त्याहून घाईत होती.
अंगण छान दिसलं. फोटो काढले.
मग पाण्याचा टँकर आत आला
आणि चाकाखाली सगळं
भाजलेल्या पापडासारखं बोललं.

मालक म्हातारा. ओरडला नाही.
वाकून एक तुकडा उचलला, बोटांनी चुरला,
आणि पाहुण्याच्या हातावर खजूर ठेवावा
तसा माझ्या तळहातावर ठेवला.

पुढचं थोडक्यात. चेक परत आले. मिक्सर विकला.
परकार आणि मी चौदा महिने बोललो नाही.
मी सगळ्यांना सांगायचो, रेती त्यानं आणली.
तो सांगायचा, पाणी यानं मारलं नाही.

लॅबनं परत घेतलं, चाळीस रियाल कमी करून. तीच खुर्ची.
पहिल्याच दिवशी एक ठोकळा फोडला,
आकडा लिहायला पेन उचललं
तर थंगराजनं हात धरला.
"बघ आधी, कसा फुटलाय.
चारही बाजूंनी सारखा फुटून मध्ये डमरू उरला,
तर तो आकडा खरा.
हा एकाच बाजूनं गेलाय.
म्हणजे तू वाकडा बसवला होतास.
हे फुटणं मोजायचं नाही."

रात्री रूमवर भात लावला आणि परकारला फोन केला.
म्हटलं, पाणी माझंच.
पलीकडे बराच वेळ फक्त त्याचा एसी ऐकू आला.
मग म्हणाला, "रेतीसुद्धा धुतली नव्हती रे.
खारी होती. मला माहीत होतं."
कुकरच्या शिट्ट्या किती झाल्या, मोजल्या नाहीत.
भात करपला. दोघांनी फोन ठेवला नाही.

गेल्या शुक्रवारी लिवाला, त्याच्या गॅरेजच्या मागे,
पन्नास ब्लॉक पाडले. पन्नासच.
रेती तीनदा धुतली, वर ओली गोणपाटं,
सकाळ-संध्याकाळ पाणी, त्याची पाळी, माझी पाळी.
ऑर्डर नाही. लायसनचं खमीस बघू म्हणालाय,
हसत की गंभीरपणे, ते कळलं नाही.
भावाला सांगितलेलं नाही.

अजून एकोणीस दिवस.
मग त्यातले तीन मी इथं आणीन, मीच बसवीन,
सरळ बसलेत का, दोनदा बघीन.
दार लावीन. काटा चढेल.
आवाज येईल, येणारच, त्यासाठीच तर आणायचे.
फक्त त्या दिवशी
चहा आधी संपवून ठेवीन.