समास

केप्याच्या नोंदणी कचेरीत, खिडकी क्रमांक दोन.
डाव्या कपाटात जन्म, उजव्यात मरण,
आणि खालच्या फळीवर डांबरगोळ्यांचा वास मारणारी
एक पातळ वही: मृतजात.
तिच्यात आईचं नाव, बापाचं, गाव, आठवडे.
बाळाच्या नावाला रकाना नाही.

सुलक्षा वेळीप आली तेव्हा
ब्लाउजवरचं दूध अजून सुकत होतं.
म्हणाली, मल्लू. लिही.
म्हटलं, जागा नाही गं.
म्हणाली, समासात लिही,
समासात कोण बसलंय?

त्याच आठवड्यात एस्पेरान्सा.
तिला दाखला नको होता, झेरॉक्सला सुटे हवे होते.
पिशवीत बांबोळीची फाइल: पंचविसावा आठवडा,
डोक्याला कवटी नाही, मंडळ गुरुवारी बसेल.
सोबतचा दीर पोटातल्याला म्हणत होता 'तो'.
तो जीव आहे, त्याला हक्क आहे,
पाद्रींनी सांगितलंय, वकील बघतोय.
आणि तिचं मत?
'तें कितें सांगतलें?' म्हणाला.
आमच्याकडे धाकट्या बाईला 'तें'च म्हणतात,
लाडाने. मीही म्हणते.
त्या दिवशी पहिल्यांदा कानाला टोचलं.
एस्पेरान्सा म्हणाली, दोन रुपये कमी आहेत.

प्रभुगांवकर वकील काजूच्या बागायतीची वाटणी घेऊन येतात.
विधवेच्या पोटातल्याचाही हिस्सा धरतात,
जुनं पोर्तुगीज कलम त्यांना तोंडपाठ:
माणूस जन्मल्यावर,
पण गर्भ राहिल्यापासून कायद्याचं छत्र.
छत्री धरून कोण उभं असतं, बाब,
नऊ महिने, एका हाताने?
ते हसले. चहा मागवला.

मी स्वतः मडगावला गेले होते, आठव्या आठवड्यात.
दुपारच्या बसने परत,
संध्याकाळी बांगडे साफ केले.
ते कोण होतं, काय होतं,
मी ठरवलं नाही. जायचं तेवढं ठरवलं.
कुठल्याच वहीत नाही.

मला विचाराल तर
सुलक्षाचा मल्लू होता.
एस्पेरान्साचं काय, ते एस्पेरान्सा सांगेल,
नाहीतर नाही सांगणार.
दोन्ही खरं. रकान्याला एवढं पेलत नाही,
आणि रकाने आखणारे कधी
खिडकीच्या त्या बाजूला उभे राहिलेले नाहीत.

मी पेन्सिलीने लिहिलंय, बारीक.
तपासणीला साहेब आले
की त्या पानावर
कोपर टेकवून बसते.