आठ ओहम

रोमेलनं ॲम्प काउंटरवर ठेवला तेव्हा
दुपारची अजान संपत होती.
"पारे, आज रात्रीच वाजवायचंय."

मला तो पारे म्हणतो.
दोन वर्षं मी समजत होतो, पारकरचं तोकडं केलंय,
इथं सगळ्यांचंच होतं तसं.
मग कळलं, त्यांच्यात दोस्ताला म्हणतात.

मागचं फळकूट खोललं.
स्पीकरचा कागद मधोमध फाटलेला.
ऑगस्टभर डिकीत ठेवलं तर पापडाचंही हेच होतं.
मागच्या महिन्यात नवा टाकला होता म्हणे, सूकमधून, स्वस्तात.
उलटा केला. चुंबकावर छापलेलं: चार.
ॲम्पच्या पाठीवर, पुसट पांढऱ्यात: आठ.
"पण बसला ना बरोबर," तो म्हणाला.

बसायला काय.
गुदैबियातल्या आमच्या खोलीत नऊजण बसतात.

हा ॲम्प काचेच्या नळ्यांचा.
याचा ट्रान्सफॉर्मर आठ मागतो.
चार दिलेस तर ओढ वाढते, नळ्या तापत जातात,
आणि आवाज सुरुवातीला झकास येतो, तीच तर गोम.
काहीच जोडलं नाहीस तर त्याहून वाईट.
जोराला बाहेर पडायला वाट नसली
की तो आत उसळतो, आतलंच जाळतो.
हे त्याला दोनदा सांगितलं,
एकदा हिंदीत, एकदा इंग्रजीत.
मराठीत सांगायला दुकानात कोणी नव्हतं.

खेडच्या आयटीआयत गुढेकर सर
आठवाल्या स्पीकरला मीटर लावायचे.
काटा साडेसहावर थांबायचा.
सर, मीटर खोटं बोलतोय.
नाही रे, तो त्याला गप्प असताना विचारतोय.
उरलेलं दीड, गायला लागल्यावर.
वहीत लिहून घेतलं. परीक्षेत आलं नाही.

रॅकवर आठचा एकही नव्हता.
अबू खलीलला फोन लावला,
तो मुहर्रकला, पोरीच्या लग्नाची कार्डं वाटत.
शनिवारी मागवू, म्हणाला.
त्याचा शनिवार कधीकधी पुढच्या गुरुवारी उगवतो.

मग खालच्या फळीवरून दोन ओढले,
दहा इंची, चार-चारचे.
एक मल्याळी चर्चच्या हॉलमधला, जाळी गंजलेली.
एक सियालकोटच्या लग्नवाल्याचा;
तो गावी गेला, उधारी राहिली, स्पीकर राहिला.
मोडक्या कपाटाच्या दारातून दोन गोल कापले.
एकाची शेपटी दुसऱ्याच्या तोंडात:
चार नि चार आठ.
समांतर जोडले असते तर दोनच उरले असते.

पेन्सिल सेल लावून पाहिला.
चर्चवाल्याचा कागद पुढे आला.
लग्नवाला मागे सरला.
त्याच्या तारा उलट्या केल्या, मग दोघं एकदम पुढे,
डॉक्टरनं छाती फुगवायला सांगितल्यासारखे.

"आता यातला एक मेला तर दुसराही गप्प होईल."
"आमच्या बँडसारखं," रोमेल म्हणाला, नि हसला,
नि मग हसला नाही.
त्यांचा बासवाला जूनमध्येच सेबूला गेला,
व्हिसा रद्द.

मीटर: साडेसहा.
बटण दाबलं. नळ्या केशरी व्हायला अर्धं मिनिट.
जराशी गुरगुर.
त्यानं एकच तार छेडली
आणि ती पुरती विझेपर्यंत आम्ही दोघं उभेच.
वरच्या शिंप्याचं मशीन थांबलं.
पुन्हा सुरू झालं.

सहा दिनार सांगितले. चार घेतले.
त्यानं ॲम्प पोटाशी धरला,
झोपलेलं पोर उचलतात तसा,
आणि जुफेरच्या टॅक्सीला हात केला.

रात्री रुकय्याचा फोन.
कसे हाव, म्हणाली.
बरा हाय, म्हटलं.

साडेसहा.