ऐकण्याची जागा

राजारामपुरी, सातवी गल्ली.
टेबलावर दोन काळे रिसीव्हर, जोड लावल्यागत:
एक पाच वाहिन्यांचा, एक सात.
इर्शाद बागवान आकडे सांगत होता,
वॅट, ओहम, डिस्टॉर्शन शून्य दशांश शून्य आठ,
ह्याचं काका, शून्य सहा.

मी विचारलं, वजन?
तो हसला. मी दोन्ही उचलून बघितले.
शिरोलीच्या फौंड्रीत एकतीस वर्षं फेटलिंगला,
काटा काय सांगणार ते हाताला आधी कळतं.
हा आठ. हा साडेबारा, ट्रान्सफॉर्मर मोठा,
माल भरलाय आत.
त्यानं डब्याचं लेबल वाचलं आणि काका म्हणायचं सोडून
साहेब म्हणायला लागला.

दोन्ही कागदांवर आवाजाची रेष
वीसपासून वीस हजारापर्यंत सपाट,
पाणसळ लावून ओढल्यासारखी.
असा एक कागद माझ्याही खिशात होता,
सीपीआरमधल्या कानाच्या डॉक्टरीणबाईंचा.
त्यावरची रेष थोडा वेळ बरी चालते
मग जोतिबाच्या पायऱ्या उतरते.
डाव्या कानाची तर पायऱ्याही घेत नाही.
ग्राइंडरनं खाल्लेलं ग्राइंडर परत देत नाही.
तो कागद मी काढला नाही.
तुलनेला दोनच ठेवले होते.

मग त्यानं एक प्रसंग लावला.
म्हातारा, स्वयंपाकघर, बाकी काही नाही.
पहिल्यावर. दुसऱ्यावर. परत पहिल्यावर.
मी जाणकारागत मान हलवली.
खरं सांगतो, मला दोन्ही एकच.

शालन म्हणाली, दुसऱ्यात मागं कुणीतरी कप ठेवतंय.
कुठं?
मागं, उजवीकडं. बशीवर.
आणि म्हातारा बोलायच्या आधी श्वास घेतोय.
आणि पहिल्यात?
पहिल्यात नुसता म्हातारा.

किती कप ठेवले असतील माझ्यामागं,
बशीवर, हळू, मी झोपलोय समजून.
बोलायच्या आधी किती श्वास घेतले असतील हिनं,
आणि मला ऐकू आलं ते फक्त बोलणं,
तेही दुसऱ्यांदा.

फरक चौदा हजारांचा.
इर्शाद खालच्या आवाजात म्हणाला, म्हणजे त्याचे ओठ म्हणाले,
साहेब, तुमच्या हॉलला पहिला रग्गड.
होताच रग्गड.
मी दुसरा बांधायला सांगितला.

रिक्षात खोकं मांडीवर,
शालन उजवीकडं.
सगळ्या फोटोंतही ती उजवीकडंच असते,
लोकांना वाटतं सत्यनारायणाची सवय.

खोक्यातून शेवटी एक माईक निघाला, अंगठ्याएवढा.
टीव्हीवर सूचना आली:
ऐकण्याच्या जागी ठेवा. शांतता राखा.
शालननं माझ्या खुर्चीकडं बोट केलं.
मी तिच्या खुर्चीवर दोन उश्या रचल्या,
वर रव्याचा डबा, वर माईक,
तिच्या कानाच्या उंचीला. अंदाजानं नाही,
तिला बसवून, टेपनं मोजून.
रव्याच्या डब्यावरून थोडी कुरकुर झाली.

मग आम्ही दोघं दारात उभे, गप्प.
यंत्र एकेका कोपऱ्यातून शिट्टी घालत होतं म्हणे.
प्रत्येक शिट्टीला शालन
माझ्या मनगटावर बोट दाबत होती.
पाच झाल्या.
दोन राहिल्या होत्या.