कोपराची जागा

डाव्या सीटवरून उजव्या खिडकीपर्यंत वाकून
सव्वीस वर्षं टपाल टाकलं मी
कोक्कोलाच्या उत्तरेला, बर्फात रुतलेल्या पेट्यांत.
खांद्याने त्याचा हिशेब ठेवला होता.
ऑपरेशननंतर डॉक्टरीणबाई म्हणाल्या,
गाडी चालवा, पण हात लोंबता ठेवू नका.

ओस्मो काहीच म्हणाला नाही.
व्होल्वोच्या दोन सीटांमधला खोका
चार स्क्रू काढून त्याने अंगणात ठेवला,
आणि मोजपट्टी घेऊन माझ्याकडे बघत राहिला
सुतार चौकटीकडे बघतो तसा.

फेब्रुवारी. बाहेर उणे अकरा,
गॅरेजमध्ये हीटर लावून कसेबसे नऊ.
मला गाडीत बसवलं, स्वेटरवरून
स्वयंपाकघरातलं चिकट प्लास्टिक गुंडाळलं,
त्यावर प्लास्टरच्या ओल्या पट्ट्या.
"हलू नकोस." एवढंच.
मग फेरी मारून शेजारच्या सीटवर येऊन बसला.
तासभर आम्ही कुठेच गेलो नाही.
समोर भिंत, भिंतीवर फावडी, स्कीच्या काठ्या,
टायरवाल्याचं चार वर्षं जुनं कॅलेंडर.
शेजारी-शेजारी इतका वेळ
शेवटचे कधी बसलो होतो, आठवेना.
तो म्हणाला, वायपर बदलायला हवेत.
मी म्हणाले, हं.

साच्यातून माझं कोपर निघालं,
पांढरं, एकटं.
आठवडाभर रंगाच्या डब्यांमध्ये फळीवर उभं होतं.
त्याला तो मेण लावायचा, पुसायचा, पुन्हा लावायचा,
मेणाचे पाच हात दिले.
माझ्या खऱ्या कोपराला त्याने
कधी इतक्या हळू हात लावला असेल, तर
तो दिवस मी तरी विसरले.

मग काचतंतूचं कापड, फाडून फाडून,
रेझिनमध्ये हार्डनरचे थेंब,
माझ्या गोळ्या मोजतो तसेच, ओठ हलवत.
ब्रशने थोपटून बुडबुडे बाहेर काढले.
पण नऊ अंशांत रेझिन काही धरेना,
पाक न आलेल्या मुरंब्यासारखं बोटाला लागे.

तेव्हा त्याने माझं कोपर सौनात नेलं.
सगळ्यात वरची फळी, खाली टॉवेल,
चाळीस अंश, एक रात्र.
सकाळी नखाने वाजवलं: टक्क.
सौनाला मात्र एप्रिलपर्यंत
नेलपेंटच्या दुकानाचा वास.
नणंद मार्केट्टा शनिवारी आली, दार उघडलं,
लावलं,
आणि आपल्या घरी जाऊन अंघोळ केली.

खोलगट बाजू उजेडात धरली तर आत
माझ्या स्वेटरची वीण.
प्लास्टिक कुठेतरी फाटलं होतं.
उलट सुलट, उलट सुलट, टाके जसेच्या तसे,
आणि बातम्या बघता बघता
जिथे मी एक टाका चुकले होते, तिथे तो चुकलेला.
"घासून टाकतो," म्हणाला.
ऐंशीचा सँडपेपर, मग एकशेवीसचा,
मग चारशेचा, पाणी लावून.
भुवया पांढऱ्या. मनगटांना ती खाज,
काचेची, साबणाला न जुमानणारी;
रात्री पांघरुणातून ती माझ्याही बाजूला आली.

मऊ लागलं म्हणून कोपराने खणू नये, म्हणतात.
हा माणूस मऊ कधी लागलाच नाही.
तरी मी खणलं, अडतीस वर्षं,
एखादं वाक्य निघावं म्हणून.

मे महिन्यात बसवलं. चार स्क्रू, त्याच भोकांत.
करडा रंग, बाकीच्या गाडीला न शोभणारा,
जरा जास्तच नवा.
मी बसले, हात टेकला,
आणि खांदा पहिल्यांदा गप्प झाला.
तळाशी, नीट चाचपलं तर, बोटभर जागा
खरखरीत आहे. सहा-सात टाके,
त्यात तो चुकलेला.
राहून गेलं की ठेवलं,
मी विचारलं नाही.
काच पुसून बघितली.
वायपर नवे होते.