परमिट

परतवाडा सोडलं तेव्हा सात वाजले होते.
अफसरच्या मेहुण्याची क्रूझर, आत आम्ही अकरा,
सगळे लाइनमन, सुटीच्या शर्टात,
त्यामुळे एकमेकांना थोडे अनोळखी.
मांडीवर गिल्या वड्यांचा डबा,
दही प्रत्येक वळणाला कूस बदलत होतं.
धांडे म्हणाला, मोथ्यापर्यंत कोणी
फॉल्टचं नाव काढायचं नाही.
धामणगाव गढीच्या आधीच तिघांनी काढलं.

पार्क म्हणजे दरीच्या तोंडाशी पत्र्याचं शेड,
कापसाच्या खरेदीवरून आणल्यासारखा वजनकाटा,
आणि तार.
समोरच्या टेकडीपर्यंत गेलेली, बोटाएवढी जाड,
उन्हात मध्येच दिसायची, मध्येच नाही.
बाकीचे लोक दरी बघत होते.
आम्ही झोळ बघत होतो, ताण, खांबाचे स्टे.
गावंडे तर उकिडवा बसून
पायाच्या काँक्रीटला नख लावून आला.
"जमते," म्हणाला,
जणू पार्क त्याच्याच सहीसाठी थांबला होता.

पट्टे बांधायला सुगरती कासदेकर,
वय असेल एकोणीस, हात आमच्याहून झटपट.
गावंडेच्या कमरेचा पट्टा तिनं सोडला, पुन्हा बांधला.
"काका, उलटा घातला तुमी."
एकतीस वर्षं खांबावर पट्ट्यात लटकलेला माणूस
आमच्याकडं न बघता म्हणाला, "हाव."

मी मागून ओरडलो, "परमिट घेतलं का बे?"
सगळे हसले.
मग हसणं हळूहळू उतरत गेलं,
कारण हे आम्ही रोजच विचारतो,
फोन कानाला लावून, खांबाखाली उभे राहून,
आणि सबस्टेशनवरून आवाज येतो, लाइन बंद हाय, चढा,
आणि माणूस त्या आवाजावर चढतो.
धांडेच्या डाव्या पंजाला दोन बोटं नाहीत.
त्या दिवशीही आवाज बंदच म्हणाला होता.

अफसर गेला, चप्पल शर्टात खोचून.
धांडे गेला, आठ बोटं आभाळात पसरून,
काय ओरडला ते त्यालाही आठवत नाही.
मग गावंडे.
निघण्याआधी त्यानं हात वर केला
आणि तारेला हाताची पाठ लावली.
मूठ नाही. पाठ. अर्धा क्षण.
हे कोणत्या ट्रेनिंगात शिकवत नाहीत,
हे मेलेल्यांकडून शिकायचं असतं.
"गरम हाय का?" सुगरतीनं विचारलं.
"नाही. थंडी हाय."

बावन्न किलोचा माणूस, समोरून वारा.
मधात जाऊन थांबला.
दोन्ही टोकांना आम्ही, मध्ये तो,
वाळत घातलेल्या बनियनसारखा हलत.
सुगरती दोर घेऊन निघाली
तेवढ्यात त्यानं खाली बोट केलं.
वाऱ्यातून अर्धंच ऐकू आलं:
"...तिसरा खांब... पिन फुटली..."

खाली सागातून अकरा केव्हीची लाइन गेली होती,
मधमाशीच्या पायाएवढी दिसत होती आम्हाला.
"आमच्याच ढान्यावर जाते थे," सुगरती तारेवरून म्हणाली,
"रोज सांजच्याला लाइट जाते, आठ दिस झाले.
आमी समजलो, वरूनच बंद करतात."

तो फीडर आमचा नव्हता. सेक्शनही वेगळं.
धांडेनं तरी तीन बोटांत फोन धरून नंबर लावला.
पलीकडचा विचारत होता, कोण बोलतं, कुठून,
आणि हे त्याला सांगणं फार अवघड होतं.
"थांब पोरी, वढू नको अजून,"
दरीवर लटकून गावंडे खांब मोजत राहिला.

परतताना डबा आंबला होता, तरी संपवला.
घाट उतरताना अफसरनं विचारलं, भेव लागलं का मधात?
गावंडेनं बराच वेळ उत्तर दिलं नाही.
"तार गुणगुणत नव्हती," म्हणाला.
"कान लावून पाहिलं. काहीच बोलत नव्हती."
मग काचेला डोकं टेकून झोपला,
सुटीच्या शर्टावर पट्ट्याचा वळ तसाच.