पुठ्ठ्यावरचे पाय

मे महिन्यात, सोहार बंदरामागच्या आमच्या साइटवर,
सोल सुटायला लागले.
आधी वेल्डरांचे, मग मचाणवाल्यांचे,
मग थेट सेफ्टी ऑफिसरचा डावा,
सकाळच्या मीटिंगमध्ये, सगळ्यांदेखत,
म्हशीने जीभ काढावी तसा.

तेव्हा कुठे माझी फाइल वर सरकली.

माल स्वस्तातला, लांबून आलेला.
कंटेनरात उकडून गोंद मेला म्हणे.
मी एक जोडा करवतीने उभा कापला:
बोटांवरची लोखंडी वाटी शाबूत,
बाकी सगळा पुठ्ठा आणि भरवसा.

साहेब म्हणाले, जवळपास बघा कुणी.
जवळपास म्हणजे शारजा.
चामडं आंबूरचं, हात सियालकोटचे,
सोल तिथेच ओततात;
मिनिटभर तीनशे डिग्री सोसतो,
तसा कागदही देतात.

पण माप?
रजिस्टरात सगळे आठ आणि नऊ.
फलज अल-कबाईलच्या कॅम्पात जाऊन पाहिलं तर
एसक्कीमुत्तू दोन-दोन मोजे चढवून
आठाच्या जोड्यात सहाचा पाय चालवत होता.
भीमबहादूरने करंगळीपाशी ब्लेडने खिडकी पाडलेली.
मोइनुद्दीन म्हणाला, मिळाला त्यात बसवला, साहेब.
पाय काय, शिकतो.

आमच्याकडे म्हणतात, पायीची वहाण पायी बरी.
म्हणणाऱ्याने एकदा
जूनच्या पत्र्यावर दुपारी उभं राहावं.

एसीची खोकी फाडली.
तीन शुक्रवार, मेसच्या ओट्यावर,
एकेकाला पुठ्ठ्यावर उभं करून
पेनाने भोवती रेघ मारली.
भार टाक रे, अंग चोरू नकोस.
कुणाला गुदगुल्या झाल्या.
कुणी आधी पाय धुऊन आला, नवा साबण लावून.
चाळीस वर्षांचा एक फिटर
मी वाकलो तसा मागे सरला:
तुम्ही माझ्या पायाशी नको.
चारशे बारा माणसं.

खत्मत मलाहाच्या नाक्यावर डिकी उघडायला लावली.
हे काय?
पाय, मी म्हणालो. दुसरा शब्द सुचेना.
शिपाई गंभीरपणे एकेक पुठ्ठा बघत गेला,
मग एक कोरा निघाला तो जमिनीवर टाकून
बूट काढून त्यावर उभा राहिला.
मारली रेघ. काय करणार.

कारखान्यात मास्टर बशारतने गठ्ठा चाळला,
कलबुतांची फळी पाहिली, पुन्हा गठ्ठा.
रुंद पाय, तो म्हणाला. लहानपणी जोडा न मिळालेले.
असा साचा मला वेगळा करावा लागेल.
सव्वा सहा रियाल.
मी साडेपाचला घासाघीस करणार होतो.
झाली नाही.

जुलैत माल आला.
बसला. अगदी बसला.
पंधरा दिवसांनी फेरी मारली
तर निम्म्यांच्या पायात जुनेच, तारेने बांधलेले.
नवे बंकखाली, खोक्यात, आतल्या पातळ कागदासकट.
भावाला नेणार, साहेब. तो वीटभट्टीवर आहे.
मी ओरडलो. खूप ओरडलो.
रात्री खोलीवर आलो,
कपाटावरची माझी बॅग दिसली,
सात वर्षं भरतोय, अजून कुलूप लागत नाही:
टॉर्च, अत्तर, कुणाच्या तरी मापाचे दोन शर्ट.

पुढच्या मागणीपत्रात लिहिलं, माणशी दोन जोड.
कारणाच्या रकान्यात:
एक पायात, एक खोक्यात.
हेड ऑफिसातून परत आलं.
नग कमी करा.

स्टोअरात मात्र एक जोड शिल्लक दाखवतेय,
दहा नंबर, अरुंद,
ऑडिटवाला दोनदा विचारून गेला, कुणाचा.
चारशे तेरावा पुठ्ठा मी काढायचा विसरलो होतो.

पुढच्या खेपेला शारजाला जाईन तेव्हा
गाडीत टाकून नेईन.
नाक्यावर तोच असला
तर.