डाव्या हाताची गाठ

डबे आले.
म्यिंकाबात यंदा ते दुपारचे, टेम्पोतून उतरले.
नांग मोकनं डबे मोजले नाहीत,
झाकणावर बांधलेली बांबूची पट्टी पाहिली आधी.

गाठ उजव्या हाताची होती.

तिचा भाऊ साइ ख्वान डावखुरा.
वर शान डोंगरात तो थिस्सीच्या खोडावर
काकपदासारखी खाच पाडतो,
गाळलेल्या शब्दासाठी पाडतात तशी.
खाली बांबूचं नळकांडं ठोकतो
आणि दहा दिवस झाडाला विसरतो.
झाड विसरत नाही.
करडा, सायीसारखा चीक उतरत राहतो,
हवा लागली की काळा पडतो.

बिब्ब्याच्या भावकीतलं झाड.
परक्याला उततं.
लग्नाच्या पहिल्याच वर्षी को म्यात उतला होता,
डोळे सुजून मिटले, ओठ टम्म,
तरी म्हणाला, "सासरचा आहेर."
तिला मात्र कधी पुटकुळीसुद्धा नाही.

सहा वर्षं डबे येतायत.
पत्र एकही नाही. कशाला हवं?
एका वर्षी गाठ सैल होती: हिवतापाचं वर्ष.
एका वर्षी दोन पदरी: मुलगा झाला असणार.
ती वाचत आली.

व्यापारी काटा लावतो.
ती काही विचारत नाही, तोच बोलतो,
"वरच्या वाटा बंद आहेत, ताई.
माल दुसऱ्या हाताचा आहे."
दुसऱ्या हाताचा.
किती नेमकं बोललो, हे त्याला कळत नाही.
तो वजन लिहून घेतो.

चीक फडक्यातून पिळताना
एक लाल पाकळी अडकली.
थिस्सीचं फूल गळत नाही.
पांढऱ्या पाकळ्या फळ धरलं की लाल होतात,
लांबतात, ताठ होतात,
आणि एक दिवस फळाला घेऊन उडतात.
शाळेच्या वाटेवर साइ ख्वान त्या डाव्या हातानं भिरकावायचा,
ती उजव्यानं.
त्याच्या उलट्या गरगरायच्या
(असं तो म्हणायचा. तिला कधी दिसलं नाही,
पण ती हो म्हणायची).

तळघरात ओल आहे.
हे रोगण उन्हात वाळत नाही,
वाळायला त्याला ओलच लागते.
घोड्याच्या केसांनी विणलेली वाटी,
चिमटीत दाबली तर काठाला काठ टेकतो.
रोगणाचा एक हात, मग आठवडाभर काळोख.
दुसरा हात. काळोख.
तिसऱ्या हाताआधी तिनं ती पाकळी
वाटीच्या तळाशी चिकटवली,
वरून हात फिरवला.
अजून बरेच हात बाकी आहेत.
शेवटी राखेनं घासून चकाकी येईल,
कुणी परदेशी बाई तीत बांगड्या ठेवील.

रिकामे डबे परत डोंगरात जातात.
दरवर्षी ते व्यापाऱ्याची पोरं बांधतात.
यंदा ती म्हणाली, थांबा.
अंगणात बसली, पट्टी भिजवली,
डाव्या हातानं बांधायला घेतली.
सुटली.
पुन्हा सुटली.
टेम्पोवाला हॉर्न वाजवत होता.